नैवेद्याआधीची साखर

“श्वास जरा तिकडे घे,” मावशी म्हणाली.

मी मान वळवली आणि खिडकीकडे तोंड करून श्वास घेतला. माझ्या हातात टाचण्यांची डबी होती, समोर लाडवांचा मनोरा होता आणि मनोऱ्याच्या मागे दोन्ही गौरी पैठण्या नेसून उभ्या होत्या. धाकटीच्या निऱ्या मावशीला वाकड्या वाटत होत्या. मला, काकांना आणि शेजारच्या बोधनकर काकूंना त्या सरळ दिसत होत्या, पण आम्हाला विचारतंय कोण?

“टाचणी.”

दिली.

“ही नको. डोक्याची.”

डोक्याची काढायला गेले तर बोटं घामाने ओली झालेली. टाचणी निसटली आणि फरशीवर पडली. टाचणीचा आवाज तो केवढा! पण त्या घरात तोही ऐकू आला. मावशीने वर पाहिलं नाही.

“राहू दे,” ती म्हणाली. “मी घेते.”

झालं. मी डबी खाली ठेवली आणि दोन पावलं मागे सरकले.

आता हे वाचून तुम्हाला वाटेल, ही मुलगी भित्री दिसतेय. मुळीच नाही! मी आता दहावीत आहे, माइक बंद पडला तरी माझं भाषण शेवटच्या रांगेपर्यंत पोचतं, आणि परवाच मी रांगेत मध्ये घुसणाऱ्या एका गृहस्थांना अख्ख्या पोस्टाच्या देखत मागे पाठवलं. पण तेव्हा मी सातवीत होते. आईला बाळ होणार होतं आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलं होतं. म्हणून माझी रवानगी सांगलीला झाली, विश्रामबागेत, वैजूमावशीच्या घरी. “मावशीच्या हाताखाली राहिलीस तर वळण लागेल,” असं आई म्हणाली होती. लागलं. श्वास कुठल्या दिशेला घ्यायचा इथपर्यंत लागलं.

मावशी ओरडायची नाही. एकदासुद्धा नाही. ओरडणारी माणसं बरी असतात, ओरडून झालं की संपतं. मावशी फक्त तुम्ही केलेलं काम परत करायची. तुमच्या समोर, तुमच्याकडे न बघता. मी पांघरुणाची घडी घातली की ती यायची, पूर्ण उलगडायची, झटकायची आणि पुन्हा घालायची. काकांनी चहाचा कप विसळून पालथा घातला की ते तिथेच उभे असताना ती तो कप उचलून परत घासायची. “राहू दे, मी करते.” या वाक्याला मी जितकी घाबरायचे तितकी आयुष्यात कशालाही घाबरलेली नाही, गणिताच्या सबनीस सरांनासुद्धा नाही.

काकाही घाबरायचे. दिवाकर कवठेकर, तंत्रनिकेतनात मोठमोठ्या मुलांना वीज शिकवणारा उंचापुरा माणूस, घरात पेपर वाचायचा तो मागच्या पायरीवर बसून, आणि वाचून झाला की अशी घडी घालायचा की पेपर कुणी उघडलाच नाही असं वाटावं. बैठकीत पांढराशुभ्र सोफा होता. त्यावर मी काकांना कधीच बसलेलं पाहिलं नव्हतं.

“काका, तुम्हाला मावशीची भीती वाटते का हो?” मी एकदा पायरीवर त्यांना विचारलं होतं.

“छे! मला फक्त तिच्या आवाजाची भीती वाटते.”

“पण ती तर ओरडतच नाही.”

“तोच आवाज,” काका म्हणाले, आणि मग दोघंही तोंडावर हात ठेवून हसलो, कारण मोठ्याने हसलं की ती बाहेर येऊन बघायची.

त्याच पायरीवर त्यांनी मला त्यांच्या साखरेबद्दल सांगितलं होतं. काकांना मधुमेह होता. जेवणाआधी ते पोटात सुई टोचून इन्सुलिन घ्यायचे. “हे बघ केतू, साखर वाढली तर डॉक्टर रागावतात. पण एकदम उतरली ना, तर मग खरं नाही. सुई टोचून जेवायला उशीर झाला की उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, आणि मी खुळ्यासारखं बोलायला लागतो.”

“मग ते नेहमीपेक्षा वेगळं कसं ओळखायचं?”

“आगाऊ कार्टी! ऐक. तसं झालं की आधी साखर तोंडात घालायची. प्रश्न नंतर विचारायचे. माझ्या पँटच्या खिशात ग्लुकोजच्या गोळ्या असतातच.”

आणि आज काकांच्या अंगावर पँटच नव्हती. गौरीपूजन होतं. पूजेसाठी त्यांनी रेशमी पीतांबर नेसला होता. पीतांबराला कुठला आलाय खिसा!

त्या दिवशी सगळंच मागे पडत चाललं होतं. तसं कवठेकरांच्या गौरी बारा म्हणजे बाराला जेवतात. सोळा भाज्या, पुरणपोळी, पंचामृत, सगळं केळीच्या पानावर वाढून नैवेद्य दाखवायचा. आणि नैवेद्य दाखवल्याशिवाय घरातल्या कुणी तोंडात काही घालायचं नाही. घोटभर चहा तेवढा चालायचा. पण यंदा कॉलनीच्या महिला मंडळाने गौरीच्या आराशीची स्पर्धा ठेवली होती. परीक्षक घरोघर फिरत होत्या, आणि एक वाजून गेला तरी आमच्याकडे आल्या नव्हत्या. आणि मावशीचं म्हणणं असं, की वाढलेलं पान, फुलोरा, लाडवांचा मनोरा हे सगळं त्यांनी जसंच्या तसं बघायला हवं. एकदा नैवेद्य दाखवून पान हललं, की आरास मोडली.

“पण त्या येणार कधी?” बोधनकर काकू खुर्चीत पदराने वारा घेत होत्या. त्या आजच्या सवाष्ण. सवाष्ण म्हणजे गौरींबरोबर जेवायला बोलावलेली बाई, आणि बोधनकर काकू तर सकाळपासून जेवायच्याच तयारीने आल्या होत्या.

“निघाल्यात. देसायांकडे आहेत,” मावशी निऱ्यांना टाचणी लावत म्हणाली.

“देसायांकडे म्हणजे कॉफी आली, बटाटेवडे आले, त्यांच्या नातवाचं गाणं आलं. वैजयंती, तुझ्या गौरी न जेवता उभ्या राहतील गं, त्यांच्या पोटात लोखंडी स्टँड आहे. माझ्या पोटात काही नाही.”

मावशी हसली. पाहुण्यांसमोर ती फार गोड हसायची. “पाचच मिनिटं, काकू.”

काका दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. “वैजू,” ते हळूच म्हणाले, “मी ते... बारा म्हणालीस म्हणून मी आधीच...”

“आत्ता नको.”

“नाही, म्हणजे इंजेक्शन...”

“अहो, चौकटीला तेलाचा हात लागतोय.”

काकांनी हात काढला. हाताचा ओला ठसा चौकटीवर राहिला. मावशीने कमरेचा नॅपकिन काढला, उठली, ठसा पुसला आणि परत निऱ्यांपाशी जाऊन बसली. काका त्या पुसलेल्या जागेकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावर घाम होता, ओठावर घाम होता, पीतांबराच्या वरचं उघडं पोटसुद्धा चमकत होतं. मला वाटलं, उकडतंय म्हणून असेल. खरं सांगू? मला तसं वाटून घ्यायचं होतं. कारण दुसरं काही असेल तर मला बोलावं लागलं असतं.

तेवढ्यात फाटक वाजलं.

मावशी अशी उठली की जणू तिला कुणी स्प्रिंग लावली होती. एका नजरेत तिने सगळं बघितलं. समया, पानं, उंबऱ्यापासून गौरींपर्यंत रांगोळीने काढलेली लक्ष्मीची पावलं, मी. माझ्या केसांची एक बट मागे सारली. “कडेकडेने चाल,” ती माझ्या कानात म्हणाली, “पावलांवर पाय पडता कामा नये.”

दोन परीक्षक आल्या. एक जाड चष्म्याच्या, दुसरी मोबाइल घेऊन फोटो काढणारी. “अगंबाई, काय सुंदर! मिसेस कवठेकर, तुमच्याकडे आलं की डोळे निवतात हो.” “छे, यंदा काही जमलंच नाही,” असं मावशी म्हणत होती आणि तिचे गाल लाल झाले होते. “स्वयंपाकघर पण बघितलं तर चालेल ना?” “या ना, अवश्य.”

आणि काका सोफ्यावर बसले.

पांढऱ्या सोफ्यावर. घामेजलेल्या अंगाने, धप्पकन, पाय पसरून.

मावशीचं बोलणं अर्ध्यात थांबलं. “अहो,” ती गोड आवाजात म्हणाली, “तिथे नको ना. आतल्या खोलीत पंखा आहे.”

“मला भूक लागलीय,” काका म्हणाले.

त्यांचा आवाज त्यांचा नव्हता. जड, जीभ सुजल्यासारखा, आणि मोठा. त्या घरात इतक्या मोठ्याने कुणी काही बोललेलं मी ऐकलंच नव्हतं. बोधनकर काकू हसल्या. “बघ, मी एकटीच नाही!”

“मला भूक लागलीय असं सांगायची चोरी आहे या घरात,” काका म्हणाले. “हे घर आहे? हे दुकान आहे. काचेच्या आतलं. आपण सगळे आतमध्ये... पुतळे...” ते हसायला लागले. ते हसू फार वाईट होतं. तोंड हसत होतं, डोळे कुठेतरी तिसरीकडेच बघत होते.

“उपास आहे ना त्यांना,” मावशी परीक्षकांना म्हणाली. “थट्टा करायची फार सवय.”

“थट्टा नाही!” काकांनी सोफ्याच्या हातावर मूठ आपटली. “बाई, तुम्ही, चष्मेवाल्या बाई, तुम्हाला सांगतो. कॉलेज सुटलं की मी घरी येत नाही. आमराईच्या बागेत जातो. बाकावर बसतो. अंधार पडेपर्यंत बसतो. का? भीती वाटते मला घरी यायची. एवढा मोठा माणूस! हिला वाटतं, मीटिंग असते. रोज कसली गं मीटिंग असेल, वैजू? रोज?”

मोबाइलवाल्या बाईंनी मोबाइल खाली घेतला. मावशी अजून हसत होती. म्हणजे ओठ तसेच राहिले होते, बाकीचा चेहरा त्यांच्यामागून निघून गेला होता.

काकांचे हात थरथरत होते. आता मला उकाड्याची सबब चालेना.

“मावशी,” मी म्हणाले. आवाज फुटलाच नाही. परत म्हणाले, “मावशी, साखर. काकांची साखर...”

“केतकी, आत जा.”

“पण ते म्हणाले होते, असं झालं की...”

“आत. जा.”

मी गेले. पळतच गेले स्वयंपाकघरात. तिथे साखरेचा डबा असणारच, चमचाभर आणते आणि भरवते, मावशीला कळायच्या आत, असं मनात धरून गेले. आणि दारातच थबकले.

स्वयंपाकघरात काहीच नव्हतं.

ओटा रिकामा. शेल्फ रिकामं. परीक्षक बघणार म्हणून मावशीने पहाटेच सगळे डबे, बरण्या, तेलाची बुधली, चहा-साखरसुद्धा, माळ्यावर चढवून माळ्याची दारं लावून टाकली होती. उरला होता तो काळा चकचकीत ग्रॅनाइट, आणि त्यात माझाच चेहरा, तोंड उघडं पडलेला. मी फ्रिज उघडला. पाण्याच्या बाटल्या एका उंचीच्या, आणि एका डबीत काकांचं इन्सुलिन. साखर उतरवणारं तिथे होतं, साखर नव्हती.

बाहेरून काकांचा आवाज आला. आता शब्दच लागत नव्हते, नुसता लडखडता आवाज.

काकांची पँटही मावशीने कुठल्या कपाटात घातली होती देव जाणे; हाताशी असलेली साखर एकाच ठिकाणी होती. गौरींच्या पुढ्यात, नैवेद्याच्या पानाजवळ, चांदीच्या वाटीत शीग लावून, वर तुळशीचं पान. तिच्या आणि माझ्या मधे रांगोळीची पावलं होती, लाडवांचा मनोरा होता, आणि मावशी होती.

मी देवीची मनापासून माफी मागितली. “तू उद्या घरी जाणारच आहेस, काका इथेच राहायचेत,” असं काहीसं म्हणाले बहुतेक. आणि पावलांवरून पळाले.

रांगोळी टाचेला लागून घसरली. मी तोल सावरायला हात टाकला तो मनोऱ्यावर. लाडू सुटले. पांढऱ्या फरशीवर चारी दिशांना टपटप टपटप घरंगळत गेले, एक तर चष्म्याच्या बाईंच्या पायाशी जाऊन थांबला. मी वाटी उचलली आणि त्याच क्षणी मनगटावर बोटं आवळली गेली.

“नैवेद्य दाखवला नाहीये अजून!” मावशी म्हणाली. कुजबुजत. सगळ्यांसमोर, दातांतून, कुजबुजत.

तिची बोटं बर्फासारखी गार होती. मी तिच्याकडे बघितलं आणि घशातून एवढा मोठा आवाज निघाला की मीच दचकले.

“मावशी, सोड! काका मरतील!”

तिने सोडलं नाही. मला वाटतं तिला मी दिसतच नव्हते. ती वाटीकडे बघत होती. मग सोफ्यावरून काहीतरी घसरल्याचा आवाज झाला. काका एका कुशीवर फरशीवर आले होते, गाल रांगोळीत, डोळे पांढरे.

बोटं सुटली.

मी काकांच्या गालात साखर भरली. बोटाने आतल्या बाजूला, हिरड्यांवर चोळली, बोट ओलं करून परत साखर. “काका, चघळा. काका, ऐकू येतंय का? मी केतू.” बोधनकर काकूंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि एकीकडे कॉलनीतल्या डॉक्टरांना फोनवर असं काही झापलं की ते बनियनवरच स्कूटर काढून निघाले असावेत. चष्म्याच्या बाई पदराने काकांना वारा घालत होत्या. आणि मावशी?

मावशी गुडघ्यांवर बसून लाडू गोळा करत होती. एकेक लाडू उचलायची, पदराने पुसायची आणि मनोरा रचायची. खालचा थर, त्यावरचा थर. हात इतके थरथरत होते की लाडू परत पडत होते. ती परत उचलत होती.

ते बघून मी जितकी घाबरले तितकी काकांच्या पांढऱ्या डोळ्यांनीही घाबरले नव्हते.

डॉक्टर आले. त्यांनी बोटाला टोचून मशीनमध्ये साखर बघितली आणि म्हणाले, एवढी साखर पोटात जाऊनसुद्धा हा आकडा, म्हणजे आधी किती खाली असेल! त्यांनी मला विचारलं, “कुणी शिकवलं गं तुला?” मी काकांकडे बोट दाखवलं. काका तोवर भिंतीला टेकून बसले होते. गालावर रांगोळीचा गुलाबी रंग, हातात साखरपाण्याचा पेला. लहान मुलासारखे सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होते.

“काय झालं?” ते म्हणाले. “मी... मी काही बोललो का?”

बोधनकर काकूंनी चष्म्याच्या बाईंकडे बघितलं.

“काही नाही हो,” बोधनकर काकू म्हणाल्या.

“काहीच नाही,” मोबाइलवाल्या बाई म्हणाल्या.

“साखर उतरली की माणूस काहीही बरळतो,” डॉक्टर मशीन आवरत म्हणाले. “त्याचा त्यालाही पत्ता नसतो. मनावर घ्यायचं नसतं.”

मावशीने मान हलवली. मग तिने हात धुतले आणि नैवेद्य दाखवला. पान होतं तसं होतं, वाटी फक्त अर्धी. आम्ही जेवलो. संध्याकाळी हळदीकुंकूही झालं. कॉलनीतल्या बायका आल्या, सगळ्यांना सगळं कळलेलं होतं, आणि प्रत्येक जणी फक्त पैठणीच्या रंगाबद्दल बोलली. मावशीने एकही ओटी चुकवली नाही. ती माझ्याशी बोलली नाही, काकांशी बोलली नाही. मी वाट बघत होते. ती माझ्यावर चिडेल, काकांवर चिडेल, मला उद्याच्या उद्या घरी पाठवेल, काहीही. पण ती सोफ्यावरचा डाग पुसायलासुद्धा गेली नाही, आणि त्याची मला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या पायरीवर गेले तर काका पेपर न उघडताच बसले होते.

“केतू, इकडे ये.” त्यांनी मागे वळून बघितलं आणि आवाज खाली आणला. “मला आठवतंय.”

“काय?”

“सगळं नाही. आमराईचं आठवतंय. ती चष्म्याची बाई आठवतेय.” त्यांनी पेपर मांडीवरून बाजूला ठेवला. “मावशीला सांगू नकोस. डॉक्टर म्हणाले ना, बरळतो माणूस म्हणून? तेच बरं आहे. तसंच राहू दे.”

“पण काका, ते खरं होतं का?”

काकांनी मान वर केली. माझ्या मागे बघत होते. मावशी दारात उभी होती.

तिने ऐकलं होतं का? मला आजही माहीत नाही. तिच्या हातात काकांचं साखर बघायचं मशीन होतं. दर थोड्या वेळाने बघत राहा असं डॉक्टरांनी बजावलं होतं. “आत या,” ती म्हणाली. “केतकी, तूही ये.”

आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो. मी हात मांडीखाली दाबून धरले होते. मावशीने काकांचं बोट धरलं, टोचलं, थेंब पट्टीवर घेतला आणि मशीन टेबलावर ठेवलं. आम्ही तिघं त्या छोट्या काचेकडे बघत राहिलो. आकडा आला.

“एकशे बेचाळीस,” मावशी म्हणाली. “ठीक आहे ना?”

“उत्तम,” काका म्हणाले.

“म्हणजे आता साखर उतरलेली नाही.”

“नाही.”

“मग आता बोला.”

काकांचा चेहरा पडला. “काय बोलू? वैजू, काल मी शुद्धीत नव्हतो गं. डॉक्टरच म्हणाले ना, काहीतरी बरळलो असेन, तू ते...”

“पाऊस असला की कुठे बसता?”

काकांनी टोचलेलं बोट मुठीत धरलं.

“आमराईत छप्पर नाही,” मावशी म्हणाली. ती टेबलाकडे बघत बोलत होती. “जुलैभर पाऊस होता. तुम्ही रोज उशिरा येत होतात आणि कधी भिजून आला नाहीत. मी रात्रभर तोच विचार करत होते. पावसात कुठे बसत असतील?”

मी काकांच्या पायावर पाय ठेवला. टेबलाखालून. काय सांगायचं होतं मला, बोला की बोलू नका, ते मलाच कळत नव्हतं.

“एसटी स्टँडवर,” काका म्हणाले.

“कुठल्या गाडीची वाट बघत?”

“कुठल्याच नाही. नुसता बसतो. तिथे कुणी विचारत नाही.”

“कधी गाडीत बसावंसं वाटलं नाही?”

मला वाटलं, आता ते उठून पेपर घेऊन बाहेर जातील. “एकदा बसलो होतो,” ते म्हणाले. “तासगावच्या गाडीत. तिकीटही काढलं. वाटेत कवलापूरला उतरलो आणि परतीची गाडी धरली.”

“का?”

“इन्सुलिन फ्रिजमध्ये होतं.”

मला हसू आलं. खरंच आलं, भीतीने येतं तसलं. ते मी गिळलं, कारण मावशी हसत नव्हती.

“तेवढ्यासाठीच?” तिने विचारलं.

काकांनी तिच्याकडे बघितलं. सरळ, डोळ्यांत. तसं मी पहिल्यांदाच बघत होते.

“त्या दिवशी, हो.”

मावशीने मान हलवली, एकदा, दोनदा. तिच्या ओठावर घाम आला होता. हात टेबलावर उघडे पडले होते आणि त्यांना करायला काही नव्हतं. मी त्या घरात इतके दिवस घाबरून काढले होते, म्हणून मला ते लगेच ओळखू आलं. ती घाबरली होती. आमच्यासारखीच, आमच्याहून जास्त.

“अजून सांगा,” ती म्हणाली.

आणि काका बोलायला लागले. आधी अडखळत, सोफ्यापासून, मग पेपराबद्दल, कपाबद्दल, मग लग्नाच्या पहिल्या वर्षातलं कुठलंतरी, जे मला कळलं नाही. दूधवाल्याने बेल वाजवली. पुन्हा वाजवली. मावशीचे डोळे एकदा दाराकडे गेले, पण ती उठली नाही.